एकतीस सालची गाडी, बैलगाडीचे टायर

केडगाव
सोमवार, १९ जानेवारी २०२६

अब्बा,

काल झालं ते असं:

१. दुपारी साडेबाराला मी कर्जतला आबासाहेबांच्या शेडमध्ये पोचले. १९३१ ची फोर्ड तयार उभी होती. जीपचं डिझेल इंजिन बसलेलं, रंग झालेला, तारांच्या चारी चाकांवर नवे टायर.

२. ते टायर ऊस वाहणाऱ्या बैलगाडीचे होते. माप ६.००-१९. मिरजगावच्या दुकानातून तुम्ही असे पाच घेतलेत, स्टेपनीसकट.

३. हे टायर मोटारीला चालत नाहीत, असं मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "अडीच टन ऊस दोन चाकांवर जातो. ही गाडी माणसांसकट दीड टनाच्या आत, तीही चार चाकांवर. हिशेब तूच कर."

४. आपण गाडी मिरजगाव रस्त्याला नेली. ताशी साठने नऊ किलोमीटर. थांबल्यावर मागच्या डाव्या टायरचं तापमान मी मशीनने मोजलं. ७८ अंश. हवेचं तापमान २९ होतं.

५. तुम्ही टायरवर तळहात ठेवलात, लगेच उचललात आणि म्हणालात, "ऊन आहे."

६. त्यानंतर शेडमध्ये थोडं बोलणं झालं.

७. चारच्या एसटीने मी परत निघाले. स्टेपनीचा टायर बरोबर आणला. कंडक्टरने त्याचं लगेज तिकीट फाडलं आणि "ताई, बैल मागच्या गाडीनं येतायत का?" असं विचारलं. तुम्ही माझ्याबरोबर घरी येणार होतात. आला नाहीत. तेव्हापासून फोन उचलत नाही.

फोन कापता येतो म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं. मराठीत लिहिते, कारण घरात आपण जे बोलतो ते मला नीट लिहिता येत नाही. मला मराठी शाळेत तुम्हीच घातलंत. पत्र कल्याणकडे देते आहे. त्याचा टेम्पो पेंड घेऊन आठवड्यातून दोनदा कर्जतला येतो.

मुद्दा एकच आहे. बैलगाडीचा टायर ताशी दहा-पंधरा किलोमीटरसाठी बनवलेला असतो. वजन तो तिप्पट पेलेल, वेग पेलणार नाही. त्याचं रबर जाड असतं. वेगात ते आतून तापतं, उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचा थर सुटतो. शनिवारी, ७ फेब्रुवारीला, आबासाहेबांच्या मुलाच्या लग्नासाठी तुम्ही ही गाडी कर्जतहून नगरमार्गे शिर्डीला नेणार. एकशे साठ किलोमीटर. लग्न लागलेली दोन माणसं सोमवारी तिच्यातून परत येणार.

टायर काढा. टायर आणण्यासाठी मी दिलेल्या चिठ्ठीत सगळं स्पष्ट होतं.

अलफिया

---

केडगाव
शनिवार, २४ जानेवारी

अब्बा,

उत्तर मिळालं. माझ्याच पत्राच्या मागे, मार्करने: "टायर बदलणार नाही. शमशेर शेख."

मला तुमचं पूर्ण नाव माहीत आहे.

कल्याण म्हणाला की पत्र तुम्ही उभ्याउभ्या वाचलंत, घडी केलीत, टूलबॉक्समध्ये ठेवलंत आणि त्याला म्हणालात, "पेंड उतरवून झाली ना? मग थांबलायस कशाला?" तरीही तो थांबला, म्हणून निदान चार शब्द आले. मला म्हणाला, "मॅडम, उस्ताद लई तापल्यात. तुमचं ते मशीन त्यांच्या डोक्याला लावा, आकडा दाखवंल." मी हसले नाही. अम्मी हसली.

तुम्हाला वाटतं की मी नुसती 'नाही' म्हणते आणि पर्याय देत नाही. म्हणून पर्याय लिहिते. यातले निम्मे आपण डिसेंबरात बोललो आहोत. पुन्हा लिहायचा मला कंटाळा आला आहे, तरी लिहिते.

आबासाहेबांना उंच आणि अरुंद चाकं हवी आहेत, कारण त्यांच्या आजोबांच्या फोटोत तशी आहेत. फोटो ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवतात आणि भेटेल त्याला दाखवतात. "उस्ताद, चाक बघा, मांडीला लागतंय. माझी गाडी बदकावानी बसलेली दिसाय नको." हे मला पाठ झालं आहे. टायरसाठी बावीस हजार, त्यावर रुपया नाही, हेही पाठ झालं आहे.

परदेशातून येणारा मूळ मापाचा टायर: सुंदर. एकाच टायरला बावीस हजारांहून जास्त, शिवाय यायला दोन महिने. विषय संपला.

बुलेटचा एकोणीस इंची टायर: तुम्ही एक आणून रिमवर चढवूनही पाहिलात. दिसायला बरा होता. तो दोनशे तीस किलो पेलतो. आपल्याला एका चाकावर साडेतीनशे हवेत. हे तुम्ही ऐकलंत आणि टायर परत केलात. तेव्हा आकडे चालले होते.

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर: उंच, अरुंद, स्वस्त, इथे गल्लोगल्ली मिळतो. ताशी तीस. त्यापुढे तोही बैलगाडीचाच भाऊ.

जीपचा सोळा इंची टायर: पुढे ६.००-१६, मागे ७.००-१६. पुढच्याची उंची अठ्ठावीस इंच, मागच्याची साडेतीस. मूळ टायरची एकोणतीस होती. म्हणजे पुढे फरक एक इंचाचा आणि मागून गाडी उलट उंच दिसेल. बिनफेंडरच्या, म्हणजे चाकांवर मडगार्ड नसलेल्या, इंजिन बदललेल्या जुन्या गाडीला ते शोभतंही: पुढून झुकलेली, मागून उचललेली. जीपच्या रिमचे पाच नट या हबवर जसेच्या तसे बसतात. मला हे आराखड्यावर मोजून कळलं. तुम्ही नुसता हात फिरवून सांगितलं होतंत.

यात एक अडचण खरी आहे. तारांची चाकं जातात. जीपची रिम पत्र्याची, आणि आबासाहेबांना तारा हव्यात. हे मी नाकारत नाही. पण तारा दिसाव्यात म्हणून टायर फुटावा, हा सौदा मला समजत नाही.

आबासाहेबांचा मला गुरुवारी फोन आला होता. "अलफियाताई, तुमी बापलेकी भांडान मिटवा. माझ्या पोराचं लगीन हाय." मी म्हटलं, भांडण नाही, टायर चुकीचे आहेत. ते म्हणाले, "आसतील. पर तीस वर्सं माझं परतेक वाहान उस्तादांच्या हातनं गेलंय. एकदा बी रस्त्यात बसलं न्हाई. त्ये म्हनत्याल ती पूर्व." मी जेवढं मोजलं होतं तेवढं सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तुमी लई शिकल्या, बरं वाटतं."

म्हणजे गाडी थांबवणं तुमच्याच हातात आहे. माझ्या नाही, त्यांच्याही नाही.

त्या रविवारी मी आवाज चढवला नव्हता, एवढं नोंदवते.

अलफिया

---

केडगाव
शुक्रवार, ३० जानेवारी

अब्बा,

मागच्या पत्राला उत्तर नाही. तोंडी निरोप मात्र आला. "तिला सांग, तीसनेच नेईन." कल्याणने तो दिला आणि त्याच दमात हेही सांगितलं: "पर मॅडम, ज्ञानेश्वरभाऊ म्हनत्यात येताना गाडी मीच चालवनार. नवरी शेजारी बसनार. रील काढायची हाय."

तुम्ही तीसने न्याल. येताना चाक नवरदेवाच्या हातात असेल. सत्तावीस वर्षांचा मुलगा, शेजारी नवी नवरी, समोर नगर-शिर्डीचा रुंद रस्ता आणि पुढच्या गाडीतून मोबाईल धरणारे मित्र. तो तीसने चालवेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? आणि तीसदेखील या टायरच्या वेगाच्या दुप्पट आहे.

आता जे केलं ते सांगते.

स्टेपनीचा टायर मी बुधवारी कंपनीत नेला. आमच्या प्रयोगशाळेत रिम तपासायचा ड्रम आहे: मोठं लोखंडी पिंप फिरतं, त्यावर चाक दाबून पळवतात. सुरेखा मॅडम, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, टायर पाहून म्हणाल्या, "हा ड्रमवर? आणि बैल कोणत्या खात्यातून मागवायचे?" मी कारण सांगितलं. घरचं आहे, एवढंही सांगितलं. त्यांनी शिफ्ट संपल्यावर एक तास दिला आणि स्वतः थांबल्या.

भार साडेतीनशे किलो. वेग साठ. हवा पूर्ण.

दहा मिनिटांनी ७६ अंश. तुमच्या-माझ्या रस्त्यावरच्या मोजणीशी जुळतं. वीस मिनिटांनी ९७. सव्विसाव्या मिनिटाला जळक्या रबराचा वास. एकतिसाव्या मिनिटाला टायरच्या खांद्यावर अंड्याएवढा फुगवटा. चौतिसाव्या मिनिटाला वरच्या थराचा हातभर तुकडा सुटला आणि जाळीवर आदळला. आवाज एवढा झाला की शेजारच्या खात्यातली माणसं धावत आली. मशीन बंद केलं.

चौतीस मिनिटं म्हणजे चौतीस किलोमीटर. शिर्डीहून निघून राहुरीच्याही अलीकडे. आमच्याकडे जाळी होती. गाडीला फेंडरसुद्धा नाहीत.

सगळ्याचं चित्रीकरण माझ्याकडे आहे. ते मी आबासाहेबांना पाठवलेलं नाही. कोणालाच पाठवलेलं नाही.

घरी येऊन अम्मीला दाखवलं. मला वाटलं होतं ती घाबरेल आणि तुम्हाला फोन करेल. तिने शेवटपर्यंत पाहिलं, मोबाईल उलटा ठेवला आणि भाकरी थापायला बसली. मी विचारलं, आता तरी बोलशील का त्यांच्याशी? ती म्हणाली, "ये तेरे अब्बा को मालूम है. हात लगाया था ना टायर को?"

मी म्हटलं, माहीत असून बदलत नाहीत?

"उनको टायर समझता है बेटा. तू क्या बोली वो नहीं समझा. क्या बोली थी तू?"

मी सांगितलं नाही.

तुमच्या हाताबद्दल ती बरोबर असणार. ७८ अंश हाताला लागतात. मला मशीन लागलं, तुम्हाला तळहात पुरला. मग हे दहा दिवस मी कोणाला काय पटवून देते आहे, हे मला कळेनासं झालं आहे. पुरावा गोळा करणं मला जमतं. तो गोळा करून झाला आहे आणि त्याने काहीही हललेलं नाही.

अलफिया

---

केडगाव
सोमवार, २ फेब्रुवारी

अब्बा,

पहिल्या पत्रातला सहावा मुद्दा अपुरा होता. पूर्ण लिहिते.

१८ तारखेला आबासाहेब, ज्ञानेश्वर आणि शेडमधली चार माणसं उभी असताना मी म्हणाले, "टायरवर लिहिलेलं असतं, अब्बा. एवढं वाचायला शाळा लागत नाही." आवाज चढवला नव्हता, हे खरं आहे. चढवला असता तर बरं झालं असतं. लोकांनी राग म्हणून सोडून दिलं असतं. मी ते आकडा सांगावा तसं सांगितलं. तुम्ही पाना पुसलात आणि बाहेर गेलात.

तुमची शाळा चौथीत सुटली. ते तुम्ही लपवत नाही, पण दुसऱ्याने कधी काढलेलं मी ऐकलं नव्हतं. मीच पहिली. शाळेत जायच्या आधी इंग्रजी आकडे मी गॅरेजमधल्या टायरवरून शिकले. तुम्ही बोट धरून गिरवून घ्यायचात. हे मला त्या क्षणी आठवलं नाही, असं लिहिणार होते. आठवलं होतं. म्हणूनच ते वाक्य तिथे लागेल, हे मला माहीत होतं.

आता चिठ्ठी. मी पहिल्या पत्रात लिहिलं की चिठ्ठीत सगळं स्पष्ट होतं. नव्हतं. त्यात लिहिलं होतं: रिम १९ इंच, रुंदी ५ ते ६ इंच, एका चाकावर किमान ३५० किलो, बावीस हजारांच्या आत. वेग लिहिला नव्हता. कंपनीत अशी चिठ्ठी मी कोणाकडून घेतली नसती. सुरेखा मॅडमनी माझ्याकडून घेतली नसती.

आणि ते विसरण्यातून झालं नाही. हे लिहायला मला दोन आठवडे लागले.

सोळा इंचीच घ्या, असं मी डिसेंबरभर सांगत होते. तुम्ही ऐकत नव्हता. मला वाद घालायचा वैताग आला होता. म्हणून मी अशी चिठ्ठी लिहिली की तसा टायर मिळणारच नाही. मोटारींच्या टायरच्या सगळ्या याद्या मी पाहिल्या होत्या; त्या मापात, त्या भाराचा, त्या पैशांत एकही नव्हता. तुम्ही आठवडाभर फिराल, थकाल आणि आपोआप सोळा इंचीवर याल, असा माझा हिशेब होता. वेग लिहिला नाही, कारण जे मिळणारच नाही त्याचा वेग कशाला लिहायचा?

तुम्ही एका दिवसात आणलात. माप बरोबर, भार तिप्पट, पैसे कमी. बैलगाडी माझ्या एकाही यादीत नव्हती. दर हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर शेकडो गाड्या जातात, त्या मी लहानपणापासून बघते, आणि मला ते सुचलं नाही. तुम्हाला सुचलं. मी दिलेल्या कागदाप्रमाणे तुमची निवड बरोबर होती आणि कागद चुकीचा होता. आबासाहेबांसमोर चुकीचं मी तुम्हाला ठरवलं.

हे मी आबासाहेबांना आज दुपारी फोनवर सांगितलं. चिठ्ठी माझी, चूक माझी, उस्तादांनी कागदाप्रमाणे आणलं, एवढंच. ते म्हणाले, "म्हंजी उस्ताद चुकलं न्हाईत?" मी म्हटलं, नाही. "मंग ह्ये आदीच सांगायचं की वो ताई. मानूस आठ दिस झालं भाकर कुस्करून टाकतंय." ड्रमचं मी त्यांना सांगितलेलं नाही. टायर बदलायचे की नाही, हे मी त्यांना विचारलेलं नाही. ते त्यांनी तुम्हाला विचारावं किंवा तुम्ही त्यांना सांगावं.

या पत्राबरोबर कल्याणच्या टेम्पोत चार चाकं आहेत. जीपच्या रिम, पुढचे दोन ६.००-१६, मागचे दोन ७.००-१६, नव्या ट्यूबसह. रिम जुन्या आहेत, पण चारही मी ड्रमवर फिरवून घेतल्या आहेत. तुम्ही पुन्हा बघालच. पैशांचा विषय काढू नका, तो या पत्राचा नाही.

मला सुचतं ते असं. कर्जत ते शिर्डी आणि परत, रस्त्यावर ही चाकं. तारांची चाकं तुमच्या टायरसकट टेम्पोत. कल्याण यायला तयार आहे; तो म्हणाला, "लगनाचं जेवान आसंल तर पेंड मंगळवारी टाकतो." शिर्डीत कार्यालयाच्या दारात तुम्ही चाकं बदला. वीस नट आहेत, तुम्हाला अर्धा तास पुरेल. मग वरात, फोटो, रील, सगळं तारांच्या चाकांवर. आबासाहेबांचा फोटो जसा आहे तसा. वरात पायी चालणाऱ्या माणसांच्या वेगाने जाते. त्या वेगाला आणि त्या वजनाला तुमच्या टायरहून चांगला टायर या जिल्ह्यात मिळणार नाही. हे तुमचं मन राखायला लिहीत नाही; ते टायर त्याच कामासाठी बनवलेले आहेत. सोमवारी सकाळी निघताना पुन्हा जीपची चाकं. मग चाक ज्ञानेश्वरच्या हातात असलं तरी मला झोप लागेल.

अम्मीला मी काय बोलले होते ते काल सांगितलं. ती माझ्याशी कालपासून कामापुरतं बोलते आहे.

माफी हा शब्द मी या पत्रात तीन वेळा लिहिला आणि तीनदा खोडला, कारण त्याच्यापुढे चाकं बदलण्याची अट घातल्यासारखं दिसत होतं. ती अट नाही. तुम्ही चाकं बदला किंवा न बदला, मी त्या दिवशी जे बोलले त्याची मी माफी मागते.

चाकांचं वेगळं आहे. त्यात तीन माणसं आहेत: ज्ञानेश्वर, जिला मी अजून पाहिलेलंही नाही ती त्याची नवरी अश्विनी, आणि तुम्ही. तुमचं नाव राहावं म्हणून मी चित्रीकरण दाबून ठेवलं आहे, पण या तिघांपेक्षा ते मोठं नाही. तुमच्याकडून काही कळलं नाही, तर शुक्रवारी सकाळी आठ वाजता ते मी आबासाहेबांना पाठवणार आहे. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलणार नाही, हे गृहीत धरून पाठवणार आहे. हे आधी सांगते, म्हणजे मागून केलं असं होऊ नये.

जीपची चाकं रस्त्यासाठी बसवणार की नाही, एवढंच हवं आहे. 'हो' किंवा 'नाही' पुरेल. फोन केलात तर मी उचलेन. लिहिणार असाल तर कल्याण बुधवारी संध्याकाळपर्यंत कर्जतलाच आहे.

गुरुवार, ५ फेब्रुवारी, संध्याकाळी सहापर्यंत कळवा.

अलफिया